ड्रमवाल्याची गाणी, बँड वगळून

1975 च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ज्यांनी ज्यांनी 'बोहेमियन रॅप्सडी'ची छोटी तबकडी विकत घेतली, त्या सगळ्यांनी त्याच पैशात आणखी एक गाणं घरी नेलं. तबकडी उलटली की मागच्या बाजूला ते होतं: 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार'. प्रेयसीपेक्षा गाडीवर जास्त जीव असलेल्या माणसाचं गाणं. लिहिणारा आणि गाणारा क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर, रॉजर टेलर. त्यात ऐकू येणारी इंजिनाची घरघरसुद्धा त्याच्याच अल्फा रोमिओची. पुढची बाजू तिथे सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती. मागची बाजू किती जणांनी सुईखाली ठेवली, देव जाणे.

पैशाच्या हिशेबात मात्र त्याने काही फरक पडत नव्हता. तबकडी विकली गेली की प्रत्येक प्रतीमागे एक ठरावीक रक्कम गाणं लिहिणाऱ्याला मिळते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा वाटा वेगळा, हा फक्त लिहिणाऱ्याचा. दोन बाजूंना दोन गाणी, म्हणून ही रक्कम निम्मी निम्मी. कोणती बाजू लोकांनी झिजेस्तोवर ऐकली आणि कोणती कोरी करकरीत राहिली, हे दुकानाच्या गल्ल्याला कळत नाही. त्यामुळे आवाजांवर आवाज चढवत 'रॅप्सडी' लिहून उभी करणाऱ्या फ्रेडी मर्क्युरीला, म्हणजे बँडच्या मुख्य गायकाला, विक्रीतून जेवढं मिळालं, तेवढंच टेलरलाही. रेडिओवर वाजण्याचे पैसे वेगळे, ते मर्क्युरीचेच. पण विक्रीचा आकडाच इतका मोठा होता की बँडमध्ये यावरून बरीच वर्षं धुसफूस चालली. गिटारवादक ब्रायन मे पुढे याविषयी उघड बोलला आहे. अखेर 1989 च्या 'द मिरॅकल'पासून चौघांनी ठरवलं की कोणीही लिहिलं तरी नाव क्वीनचंच लावायचं आणि पैसे चौघांत वाटायचे. पंधरा वर्षांपूर्वीच ठरवलं असतं तर बरीच भांडणं वाचली असती, असं आपण म्हणायचं. त्या वयात कोण ठरवतं?

हा हिशेब आधी सांगायचं कारण आहे. टेलरचे एकट्याचे अल्बम ऐकताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. गाणं लिहिलं कोणी हे कागदावर असतं. गाणं घडवलं कोणी हे कागदावर नसतं. बँडमध्ये एकाने आणलेल्या चालीला बाकीचे तिघे हात लावतात, कोणी एक ओळ उडवतो, कोणी बेसचे, म्हणजे खालच्या सुरांच्या गिटारीचे, सूर बदलतो, कोणी म्हणतो की हे कडवं दोनदा नको. हे हात काढून घेतले तर उरतं काय? एकट्याचा अल्बम म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर. कधी ते उत्तर सुखद असतं, कधी नाही. टेलरच्या बाबतीत दोन्ही आहे, म्हणून तर ते ऐकण्यासारखं.

माणूस कोण, हे थोडक्यात. जन्म 26 जुलै 1949, इंग्लंडमधलं किंग्ज लिन. वाढला नैर्ऋत्येच्या टोकाला, कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावात. 1967 मध्ये दंतवैद्यक शिकायला लंडनला आला आणि दात सोडून ड्रमच्या नादी लागला. (पदवी पूर्ण केली, पण जीवशास्त्राची.) ब्रायन मेसोबत 'स्माइल' नावाचा बँड, मग केन्सिंग्टन मार्केटमध्ये फ्रेडी बुलसारा नावाच्या मित्रासोबत जुन्या-नव्या कपड्यांचा गाळा, आणि 1970 मध्ये क्वीन. हा फ्रेडी बुलसारा म्हणजेच पुढचा मर्क्युरी. झांझिबारमधल्या पारशी घरातला मुलगा, शाळा मात्र आपल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथे त्याने शाळासोबत्यांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता आणि तो त्यात पियानो वाजवायचा. पाचगणीशी टेलरचा स्वतःचा काही संबंध नाही, पण ज्या आवाजाच्या सावलीत त्याने आयुष्य काढलं त्या आवाजाची पहिली तालीम तिथल्या शाळेच्या पियानोवर झाली, एवढं खरं.

आता वाजवण्याविषयी. ड्रमर गाणी लिहितो म्हटलं की लोकांच्या भुवया का उंचावतात, ते त्याशिवाय कळणार नाही.

मी लहानपणी दोन वर्षं तबला शिकलो. गुरुजींनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हे की टाळी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर. वजन तिथे. सगळे जण फिरून तिथे येऊन भेटतात. रॉकमध्ये हा हिशेब उलटा आहे. चार मात्रा मोजा: एक, दोन, तीन, चार. एक आणि तीनला पायाने वाजणारा मोठा ढोल, धप्प. दोन आणि चारला स्नेअर, म्हणजे तळाला तारा ताणलेला तो कडक आवाजाचा ढोल, फट्ट. ऐकणाऱ्याची टाळी या दोन आणि चारवर पडते. सवय नसलेला माणूस रॉकच्या मैफलीत एक आणि तीनला टाळ्या वाजवतो आणि शेजारचे त्याच्याकडे बघतात. (अनुभव आहे.)

टेलरची खूण या दोन आणि चारमध्ये दडलेली आहे. ड्रमरच्या डाव्या हाताला एका दांडीवर झांजांची जोडी असते, एकीवर एक पालथी. तिला हाय-हॅट म्हणतात आणि ती पायाने उघडझाप करता येते. बहुतेक जण ती बंद ठेवून वर काठीने टिक टिक टिक असा नेम धरतात. टेलर स्नेअरवर फटका मारतो त्याच क्षणी ही जोडी किंचित उघडतो आणि लगेच मिटतो. त्यामुळे नुसतं 'फट्ट' न येता 'फट्ट-त्सुप्' असं काहीतरी येतं, कुकरची शिट्टी सुटता सुटता दाबल्यासारखं. एकदा कानाला सापडलं की क्वीनच्या गाण्यागाण्यात सापडत जातं. फार गुंतागुंतीचं वाजवणं हा त्याचा हव्यास कधीच नव्हता. गाण्याला पाठीवरून ढकलत न्यायचं, एवढंच.

आणि आवाज. 'बोहेमियन रॅप्सडी'त त्या प्रसिद्ध 'गॅलिलिओ'च्या हाका आहेत, त्यातली सगळ्यात उंच, जवळजवळ किंचाळीच्या टोकाची हाक मर्क्युरीची नाही, टेलरची. त्याचा नेहमीचा आवाज मात्र खरखरीत, सिगारेटी, घसा सोलून काढलेला. एकाच गळ्यात ही दोन टोकं. मधला भाग थोडा कमी, आणि हीच त्याची अडचण. मर्क्युरी एका गाण्यात पाच माणसं होऊ शकायचा. टेलर बहुतेक वेळा टेलरच असतो. अल्बमला एक-दोन गाणी त्याच्या आवाजात असली की ती मिरचीसारखी चव आणतात. दहाच्या दहा असली की पाणी लागतं.

क्वीनच्या अल्बमवर त्याची साधारण एक किंवा दोन गाणी असायची. त्यातली काही तर तेव्हाच एकट्याची होती. 1977 च्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'वरच्या 'फाइट फ्रॉम द इन्साइड'मध्ये गाणं, गिटार, बेस, ड्रम जवळपास सगळं त्याचंच. त्याच वर्षी त्याने 'आय वॉना टेस्टिफाय' ही आपल्या नावाची पहिली छोटी तबकडी काढली, मूळ गाणं द पार्लमेंट्सचं. फारशी कोणी विकत घेतली नाही. क्वीनमधल्या चौघांपैकी एकट्याने बाहेर पाऊल टाकणारा पहिला मात्र तोच.

पहिला अल्बम आला एप्रिल 1981 मध्ये. 'फन इन स्पेस'. विज्ञानकथांच्या मासिकांचं त्याला वेड. 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'च्या मुखपृष्ठावरचा तो खिन्न यंत्रमानव एका जुन्या विज्ञानकथा मासिकाच्या चित्रावरून आला, आणि ते मासिक टेलरच्या संग्रहातलं. इथेही वेष्टनावर परग्रहावरचा एक प्राणी आहे, मासिक वाचत बसलेला. ध्वनिमुद्रण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या माउंटन स्टुडिओत, जो तोवर क्वीनने विकतच घेतला होता. जवळपास सगळं वाजवणारा तो एकटा, सोबत तंत्रज्ञ डेव्हिड रिचर्ड्स, ज्याने कीबोर्डचा मोठा वाटा उचलला.

एकटा माणूस आख्खा बँड कसा होतो? तेव्हाच्या स्टुडिओतली रुंद फीत चोवीस समांतर पट्ट्यांत विभागलेली असायची. हमरस्त्याच्या चोवीस मार्गिका समजा. पहिल्या काही पट्ट्यांवर ड्रम वाजवून ठेवायचे. फीत मागे न्यायची. ते ड्रम कानात ऐकत दुसऱ्या पट्टीवर बेस वाजवायचा. पुन्हा मागे. गिटार. पुन्हा मागे. आवाज. शेवटी सगळ्या पट्ट्यांचा कमी-जास्त आवाज ठरवून त्या दोन पट्ट्यांवर उतरवायच्या, डावी आणि उजवी. तंत्र म्हणून यात अवघड काही नाही. अवघड काय, तर समोर कोणी नसतं. ड्रमर एरवी बेसवाल्याकडे बघून वाजवतो. तो जरा मागे रेंगाळला की हा सावरून घेतो, हा धावला की तो ओढून धरतो. तबला आणि पेटीत चालतं तसं. एकट्याने सगळं वाजवलं की दोघेही एकाच माणसाच्या सवयींनी वाजवतात. चुका जुळतात, मन जुळायचा प्रश्नच येत नाही. 'फन इन स्पेस' ऐकताना हे जाणवतं. आवाज चकाचक, कल्पना भरपूर, पण खोलीत एकच माणूस आहे. शीर्षकगीत मात्र मला आजही आवडतं, तरंगणारं, थोडं एकलकोंडं. अंतराळातला माणूस एकटाच असणार म्हणा.

या अल्बमच्या वेष्टनावर एक खोडसाळ टीपही होती: 157 सिंथेसायझर (विजेवर सूर घडवणारी वाद्यं). सत्तरच्या दशकात क्वीन आपल्या अल्बमवर अभिमानाने छापायचं की यात एकही सिंथेसायझर वापरलेला नाही. त्या प्रतिज्ञेची ही घरच्याच माणसाने काढलेली खिल्ली.

दोनच महिने आधी, फेब्रुवारी 1981 मध्ये, आणखी एका ब्रिटिश ड्रमरचा पहिला एकट्याचा अल्बम आला होता. जेनेसिसच्या फिल कॉलिन्सचा 'फेस व्हॅल्यू'. तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, टेलरचा 18 व्या. ही तुलना अटळ आहे आणि थोडी अन्यायाचीही. कॉलिन्सच्या बँडचा गायक पीटर गॅब्रिएल 1975 मध्ये निघून गेला होता, त्यामुळे लोकांना कॉलिन्सचा आवाज आधीच ओळखीचा होता. टेलरच्या पुढे मर्क्युरी उभा होता. पण दुसरं कारण संगीतातलंच आहे. कॉलिन्सने ड्रमर असण्याचाच नवा आवाज केला. देवळाच्या दगडी सभामंडपात टाळी वाजवा, घुमारा सुरू होतो. तो पुरता फुलायच्या आतच कोणी तुमच्या कानांवर हात ठेवले तर? मोठ्या जागेचा भास होतो आणि पाठोपाठ एकदम शांतता. स्टुडिओत हेच करणारं एक यंत्र असतं, ठरावीक पातळीखाली आवाज गेला की दार बंद करणारं. तंत्रज्ञ ह्यू पॅजम आणि कॉलिन्स यांना हा आवाज गॅब्रिएलच्या 1980 च्या अल्बमवर काम करताना गवसला आणि 'इन द एअर टुनाइट'मध्ये त्याने स्फोट घडवला. पुढचं अख्खं दशक त्या धडाडधूमने व्यापलं. म्हणजे कॉलिन्सचा अल्बम ऐकताना तुम्ही ड्रमरला ऐकता. गंमत अशी की टेलर एकटा झाला की ड्रमर असणं विसरतो. त्याला गाणारा, गिटारवाला, भाष्यकार व्हायचं असतं. ड्रम त्याच्या अल्बमवर अनेकदा सगळ्यात कमी लक्षात राहणारी गोष्ट असते. हे मला आधी वैगुण्य वाटायचं. आता वाटतं, चोवीस तास स्वयंपाक करणारा माणूस सुट्टीच्या दिवशी चूल पेटवेलच कशाला?

बँडचे हात काय करतात, याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण त्याच्या एकट्याच्या अल्बमवर नाहीच. ते आहे 'रेडिओ गागा'. 1983 मध्ये लॉस एंजलिसला असताना टेलरच्या लहान मुलाने रेडिओ ऐकून बोबड्या बोलीत त्याला 'काका' म्हटलं. फ्रेंच वळणाच्या बाळबोलीत काका म्हणजे शी. टेलर ती ओळ घेऊन सिंथेसायझर आणि ड्रमयंत्र यांच्यासोबत खोलीत कोंडून बसला. ड्रमरने ड्रमयंत्रावर बेतलेलं गाणं! त्याच्या मते ते त्याच्या पुढच्या एकट्याच्या अल्बमसाठी होतं. बाकीच्यांनी ऐकलं आणि सोडलं नाही. क्वीनचा बेसवादक जॉन डीकन, त्याने बेसची ओळ बांधली. मर्क्युरीला त्यात मोठं गाणं दिसलं. टेलर बर्फात घसरायला सुट्टीवर गेला आणि मर्क्युरीने तोवर गाण्याची मांडणी, सूर, शब्द सगळं घासूनपुसून ठेवलं. 1984 च्या सुरुवातीला ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं, आणि 13 जुलै 1985 ला लंडनच्या वेम्बली मैदानावर 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीतल्या गर्दीने डोक्यावर हात नेऊन एकसाथ टाळ्या वाजवल्या त्या याच गाण्यावर. हे गाणं एकट्याच्या अल्बमवर गेलं असतं तर? माझा अंदाज, चाहत्यांच्या यादीतलं एक छान, थोडं विचित्र गाणं म्हणून उरलं असतं.

'रेडिओ गागा' गमावलेला तो अल्बम म्हणजे जून 1984 चा 'स्ट्रेंज फ्रंटियर'. ब्रिटनमध्ये 30 वा क्रमांक. आणि तरी मला तो 'फन इन स्पेस'पेक्षा कितीतरी जवळचा वाटतो, कारण इथे माणसांची ये-जा आहे. स्टेटस क्वोचा रिक पारफिट एका गाण्यात सहलेखक, त्याच गाण्यात डीकन बेसवर, एका गाण्यात मागे मर्क्युरीचा आवाज. आणि विषय आहे. नोव्हेंबर 1983 मध्ये अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रं इंग्लंडच्या ग्रीनहॅम कॉमन तळावर येऊन दाखल झाली होती, बाहेर बायकांनी वर्षानुवर्षं ठिय्या दिला होता, आणि अणुयुद्ध ही वर्तमानपत्रातली बातमी न राहता घरातली भीती झाली होती. शीर्षकगीतात ती भीती आहे. बॉब डिलनचं 'मास्टर्स ऑफ वॉर' त्याने इथे घेतलं ते त्याच भरात. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं 'रेसिंग इन द स्ट्रीट'ही आहे, आणि ते ऐकताना 1975 च्या त्या मागच्या बाजूची आठवण येते. तोच गाडीवेडा माणूस, पण आता गाडी हा विनोद नाही, पळून जायची एकमेव वाट आहे. स्वतःच्या शब्दांपेक्षा दुसऱ्याच्या शब्दांत टेलर जास्त खुलतो की काय, अशी शंका मला इथे पहिल्यांदा आली.

कारण शब्द ही त्याची कमजोर बाजू. राग खरा असतो, मांडणी घोषणेची असते. मोर्चातल्या फलकावर शोभेल अशी ओळ गाण्यात चौथ्यांदा आली की कान मिटायला लागतात. क्वीनमध्ये अशा वेळी कोणीतरी म्हणत असणार की रॉजर, हे एकदाच पुरे. एकट्याच्या अल्बमवर असं म्हणणारं कोणी नसतं.

1987 मध्ये त्याने उलटाच डाव टाकला. एकटा नको, तर दुसरा बँड. 'द क्रॉस'. त्यात तो ड्रमवर बसला नाही. पुढे उभा राहून गिटार आणि गाणं, मागे ड्रमवर जॉश मॅक्रे. तीन अल्बम काढून 1993 पर्यंत हा बँड विरून गेला. पहिला 'शव्ह इट' बऱ्यापैकी गोंधळलेला आहे, आणि त्या गोंधळातच एक रत्न आहे: 'हेवन फॉर एव्हरीवन'.

या गाण्यासाठी थांबायलाच हवं. एकच चाल, एकच शब्द, आणि तीन रूपं. एकात टेलर स्वतः गातो, त्या खरखरीत आवाजात, हात जोडून विनवणी केल्यासारखं. ब्रिटनमध्ये निघालेल्या 'शव्ह इट'वर मात्र तेच गाणं मर्क्युरी गातो आणि टेलर मागे आवाज देतो. मर्क्युरी 24 नोव्हेंबर 1991 ला गेला. मग 1995 मध्ये उरलेल्या तिघांनी 'मेड इन हेवन'साठी त्याच गाण्यातला मर्क्युरीचा आवाज घेतला आणि त्याच्याभोवती वाद्यं नव्याने बांधली. ब्रायन मेच्या गिटारी, बँडच्या आवाजांची भिंत. ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. लिहिणारा तोच, 1987 मधला टेलर. पण पहिलं रूप म्हणजे कोणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून सांगितलेलं मागणं आहे, आणि तिसरं ऐकताना वाटतं की चर्चची दारं उघडली. कोणतं खरं? मला विचाराल तर मी महिन्यामहिन्याने मत बदलतो.

मर्क्युरीच्या शेवटच्या वर्षांत टेलरने जे लिहिलं त्यातलं 'दीज आर द डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' सगळ्यांना माहीत आहे. नाव क्वीनचं लागलं, पण गाणं टेलरचं. डिसेंबर 1991 मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला होतं 'बोहेमियन रॅप्सडी'. सोळा वर्षांनी पुन्हा तीच जोडी, एका बाजूला मर्क्युरी, दुसऱ्या बाजूला टेलर. फक्त या वेळी टेलरची बाजू मागची नव्हती. दोन्ही बाजू पुढच्याच म्हणून छापल्या होत्या.

त्यानंतरचा एकट्याचा अल्बम सप्टेंबर 1994 चा, 'हॅपिनेस?'. नावातलं प्रश्नचिन्ह मोलाचं. सुरुवात करायची तर इथून करा, असं मी सांगेन. मित्राच्या जाण्याने त्याचे शब्द साधे झालेत. 'ओल्ड फ्रेंड्स' मर्क्युरीविषयी आहे आणि त्यात एकही मोठा शब्द नाही. जपानच्या एक्स जपान बँडच्या योशिकीने चाल दिलेलं 'फॉरेन सँड' आहे. योशिकी पियानोही वाजवतो आणि ड्रमही, म्हणजे दोन ड्रमर भेटले आणि त्यांनी संथ, पियानोचं गाणं केलं! घोषणाबाजीही आहेच. 'डिअर मिस्टर मर्डॉक' हे थेट वृत्तपत्रसम्राट रूपर्ट मर्डॉकला लिहिलेलं संतापाचं पत्र आहे. मर्क्युरीच्या आजारपणात ब्रिटनच्या चावडीछाप वर्तमानपत्रांनी त्याच्या घराबाहेर जो पहारा दिला, ते आठवलं की राग कुठून आला हे विचारावं लागत नाही. 'नाझीज 1994' हे नवनाझींवरचं गाणं रेडिओने टाळलं, काही दुकानांनी ठेवायला नकार दिला, तरी ते 22 व्या क्रमांकापर्यंत गेलं. गाणं म्हणून ते बेतास बात आहे. पण कोणी नको म्हणालं की टेलरला हुरूप येतो, हे त्यात ऐकू येतं.

1998 चा 'इलेक्ट्रिक फायर' मी दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा फक्त 'सरेंडर'साठी उघडला. घरातल्या मारहाणीवरचं गाणं आहे, ट्रीना मॉरिससोबत, आणि त्यात तो आवाज चढवायचा मोह टाळतो. बाकी ठीक. त्या वर्षी त्याने सरे परगण्यातल्या आपल्या घरच्या कोठारातून इंटरनेटवर थेट मैफल केली होती. 1998 मध्ये, टेलिफोनच्या तारेवरून किर्रर्र करत जोडणी लागायची त्या काळात. किती जणांना ती न अडखळता दिसली असेल कोण जाणे.

मग पंधरा वर्षांची शांतता आणि 2013 चा 'फन ऑन अर्थ'. नाव पाहिलंत? 1981 ला अंतराळात गेलेला माणूस बत्तीस वर्षांनी जमिनीवर उतरला. यातल्या 'से इट्स नॉट ट्रू'ची गोष्ट 'हेवन फॉर एव्हरीवन'च्या उलट दिशेने जाते. नेल्सन मंडेलांच्या 46664 या एड्सविरोधी मोहिमेसाठी टेलरने ते 2003 मध्ये लिहिलं. हा आकडा म्हणजे रॉबेन बेटावरचा मंडेलांचा कैदी क्रमांक, 1964 मधला 466 वा कैदी. आधी केपटाउनच्या मंचावर, मग पॉल रॉजर्सच्या आवाजासह क्वीनच्या नावाने, आणि शेवटी इथे, टेलरच्या आवाजात आणि जेफ बेकच्या गिटारीसह. इथे गाणं बँडकडून एकट्याकडे आलं आणि बरं झालं. आजाराचं निदान कळल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांचं ते गाणं आहे, आणि तेव्हा खोलीत फार माणसं नकोच असतात.

'आउटसायडर' 1 ऑक्टोबर 2021 ला आला. टेलर बहात्तर वर्षांचा. ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक, त्याच्या एकट्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात वरचा. टाळेबंदीच्या दिवसांत त्याला आकार आला. 'आयसोलेशन' तर 2020 मध्येच बाहेर पडलं होतं, आपण सगळे घरात बसलो होतो तेव्हा. सगळीच गाणी नवी नाहीत. 2017 चं 'जर्नीज एंड' आहे, 'फॉरेन सँड'ही परत आलंय. एकटं वाजवणं हा इथे मुद्दाम केलेला प्रयोग नाही, परिस्थिती आहे. आणि आवाज उतरलाय. ती वरची किंचाळी आता जवळजवळ नाही, खरखर राहिली आहे, पण घाई गेली आहे. 1981 मध्ये खोलीत एकच माणूस आहे हे खटकत होतं. इथे खटकत नाही. तो कोणाची वाट बघत नाहीये.

ऐकायचंच असेल तर माझा क्रम असा. एका संध्याकाळी 'हेवन फॉर एव्हरीवन'ची तिन्ही रूपं, टेलरचं आधी, 1995 चं शेवटी, कानात हेडफोन घालून. दुसऱ्या संध्याकाळी 'हॅपिनेस?' पूर्ण, 'नाझीज 1994' गाळलंत तरी चालेल. मग 'स्ट्रेंज फ्रंटियर'मधलं 'रेसिंग इन द स्ट्रीट' आणि त्याला लागून 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ माय कार'. दुसऱ्या गाण्यात स्नेअरच्या फटक्यांवर लक्ष ठेवा. झांजांची ती जोडी उघडते आणि मिटते. फट्ट-त्सुप्.